माहेराहून तुला परत आणलं ते

सुनंदा गो,

चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडं आहे, चालवून घे. काल पोलीस येऊन गेला. दिनेशनं जेलातून रजेचा अर्ज केलाय. त्याला घरी ठेवून घेते अशी माझी सही हवी. तुझा जीव घेणारा माझाच मुलगा, म्हणून सही माझी. पण विचारायचं तुला, म्हणून लिहितेय.

आळीतल्या बाया म्हणतात, बापावर गेला. तुझा सासरा मला मारायचा, खरंय. पण महेशही त्याच बापाचा, तोच मार बघत वाढला. तो रोह्याला कंपनीत शिफ्ट करून येतो नि बायकोला भांडी घासू लागतो. मग रक्त एकाच्याच अंगात उतरलं काय? वकील म्हणाला, लहानपणी बघितलं त्याचा परिणाम. मग महेशनं काय डोळे मिटले होते? मला नाय कळत. थकले विचार करून.

एक मात्र आठवतं. मार खाऊन झाला की मी पोरांना सांगायचे, "पुरुषाची जात, राग यायचाच." ऐकलं दोघांनी. धरून ठेवलं एकानं.

तू वरशा गावाला माहेरी निघून गेलीस, तेव्हा मी साडी-नारळ घेऊन आले. सासू स्वतः ओटी भरायला आली की माहेरचे अडवत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. तुझी आई म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या भरवशावर पाठवते." एसटीत तू विचारलंस, "आई, परत मारलं तर?" मी म्हटलं, "मी हाय ना."

त्यानं तुझा जीव घेतला त्या दिवशी मी बाजारात होते.

तू तरी एकदा नाय येत म्हणायचंस गो. पण कशी म्हणशील, ओटीत माझा नारळ होता.

तुझी पिंकी आता गणपतीच्या कारखान्यात डोळे आखते. परवा कुणाचा धक्का लागून रेघ बिघडली, तर हिनं ब्रश भिंतीवर फेकला. घरी येऊन विचारते, "आजी, माझ्यात पण पप्पांचं रक्त हाय काय?"

म्हटलं, "हाय. माझंपण हाय. उद्या जाऊन भिंत पूस नि माफी माग."

गेली. पुसून आली.

सही मी करणार नाही. आणि पिंकी उद्या लग्न झाल्यावर सासरहून परत आली, मागून तिची सासू नारळ घेऊन आली, तर त्या सासूला चहा पाजीन नि नारळासकट एसटीत बसवून देईन. एकटीला.

तुला घेऊन आलेली,
तुझी सासू
रामवाडी, पेण