उमेदवाराच्या गाडीत बसलो नाही

चाकण

माय,

तुले गोकुळचा नमस्कार. मी बरा आहे, जेवणही टाइमावर होते. फोनवर तुले माह्या आवाजावरून समजलं असतं, म्हून लिहून राह्यलो.

मतदानासाठी आपल्या गावी वडनेरले न्यायले एका उमेदवाराची फुकट गाडी आली होती. खोलीवरचे सारे गेले. सागर म्हणे, "चाल ना बे, मत कोणालेही दे." पण त्याच्या गाडीत बसून दुसऱ्याले मत देणं मले जमलं नसतं. अन् मागच्या खेपेले ज्याच्या विरोधात मत देलं, तोच आता पार्टी बदलून आपल्या पार्टीच्या चिन्हावर उभा. दुसराही तसाच. म्हून इथंच राह्यलो. येत नाही, हे तुले सांगाची हिंमत झाली नाही.

कंपनीले सुट्टी होती. दिवसभर खोलीत कोणाचा आवाज नाही. दोनदा भात केला, दोन्ही वेळा जास्त झाला.

सागर परत आला. गावात मतदान कमीच झालं म्हणे. तू मात्र गाडीपाशी आली होती, अन् सारे उतरल्यावरही आत वाकून पाहत होती.

गुडघ्याले तेल लावत जाय. मत कोणाले देलं, ते नको सांगू. त्या दिवशी माह्यासाठी काय रांधलं होतं, तेवढं कळव.

तुहा,
गोकुळ