उतार रस्त्याच्या बाजूला

मी, सरुबाई, दिवंगत तातेराव भद्रे यांची पत्नी, वय चौसष्टच्या आसपास, पूर्वीचा धंदा बांधकामावर मजुरी, राहणार अंबरपेठ, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डाव्या मनगटाचं हाड गेल्या साली मोडलं ते वाकडं जुळलं, पण त्याचा अकलेशी संबंध नाही. मी सांगते आणि अर्जनवीस दिगंबर वसंतराव लिहून घेतात. त्यांनी सवयीने कागदाच्या डोक्यावर 'श्री' काढली होती. मी म्हटलं, नागपूरला जाऊन धम्म घेतल्याला दीड वर्ष झालं, आता बुद्धाला वंदन करून सुरुवात करा. त्यांनी मुकाट्याने नवा कागद घेतला, त्याबद्दल त्यांचे आभार.

कलम १. अंबरपेठेतलं माझं राहतं घर, दोन खोल्या, पत्र्याची पडवी, मागचं परस आणि समोरचं सिमेंटचं अंगण, हे सर्व माझ्या मृत्यूनंतर माझी मुलगी पंचफुला हिच्या एकटीच्या मालकीचं व्हावं. ती दवाखान्यात नर्स आहे. नवऱ्याने तिला टाकली असं लोक सांगतात ते खोटं आहे, तिने त्याला टाकला. घर माझ्या नावावर कसं, तर तातेरावांनी केलं. ते रेल्वेत गँगमन होते. बायकोच्या नावावर कागद केला म्हणून अख्ख्या गँगने त्यांची टिंगल केली, तेव्हा ते म्हणाले, "विटा तिने वाहिल्या, मी काय केलं?" असा माणूस मला मिळाला.

कलम २. माझा मुलगा संभाजी सरकारी कचेरीत आहे. हैदराबाद राज्य मोडून कचेऱ्यांची वाटणी झाली तेव्हा त्याचं नाव मुंबई राज्याच्या यादीत निघालं आणि तो बायकोपोरांसकट औरंगाबादला गेला. पोस्टातली शिल्लक आणि वडिलांचा रेल्वेचा हातकंदील त्याला द्यावा. घर विकून तिकडे ये, असं तो दर पत्रात लिहितो. "आई, तो आता तेलुगू मुलूख झाला, तिथं आपलं काय उरलं?" बाळा, मुलूख कुणाचा का होईना, भाजीवालीला माझी भाषा कळते आणि मला तिची. तू मनाने चांगला आहेस, दर महिन्याला न चुकता पत्र टाकतोस. बहिणीवर रागावू नको.

कलम ३. हे कलम लांब आहे. दिगंबररावांनी सांगितलं की मृत्युपत्रात एवढं बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

समोरचं अंगण बारा फूट लांब, दहा फूट रुंद, सिमेंट काँक्रीटचं. घर बांधलं त्या साली, म्हणजे एकोणपन्नासात, आम्ही नवरा-बायकोनेच ते घातलं. माझ्यानंतर ते पूर्ण फोडून काढावं. वरून गिलावा फासून भागवू नये, तो दोन पावसांत सुटतो. खाली मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने चांगला ठोकून घ्यावा. वर चार इंच नवं काँक्रीट. आणि उतार घराकडून रस्त्याच्या मोरीकडे, दर फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच. त्यापेक्षा कमी चालणार नाही.

कारण आज तो उतार उलटा आहे. पाऊस झाला की अंगणातलं सगळं पाणी रस्त्याकडे पाठ फिरवून आमच्या उंबऱ्याशी येतं आणि कोपऱ्यात घोटाभर साचतं. नऊ पावसाळे मी ते डब्याने उपसून परसात नेऊन टाकलं. आता माझ्याने होत नाही, पंचफुला रात्रपाळी करून येते आणि पदर खोचून तो डबा उचलते. भिंतीचा हातभर गिलावा गळाला. आयुष्यभर लेकीने हेच करावं का?

कुणी म्हणेल, जी बाई तीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर घमेली वाहत होती तिला उतार कळला नाही? अहो, चांगला कळला. यादगिरी मेस्त्रीने मला पाणसळ लावून उतार बघायला शिकवलं होतं. बाईमाणसाच्या हातात पाणसळ देणारा त्या धंद्यात तो एकटाच. आमचं अंगण बघून तोही म्हणाला होता, "क्या सरुबाई, पानी कू घर में बुला रैं क्या?" मी त्याच्यावरच खेकसले.

घडलं ते असं. शेजारचे एकनाथराव देगलूरकर, कोर्टातले जुने अहलकार, म्हणजे कारकून, यांचं घर आमच्या खालच्या अंगाला आहे आणि रस्त्याची मोरी त्यांच्या दारावरून जाते. काँक्रीट घातलं त्या दिवशी ते ओट्यावर उभे राहून बघत होते. तातेरावांनी दोरी बांधली ती रस्त्याकडची खुंटी वर आणि उंबऱ्याकडची खाली. मी म्हटलं, "अहो, उलटं होतंय." ते म्हणाले, "राहू दे. त्यांच्या दारावरून नको." मी समजले की शेजाऱ्याने बजावलं असणार. राग गिळून मी घमेली वाहिली आणि त्या दिवसापासून आठ वर्षं एकनाथरावांशी एक शब्द बोलले नाही. समोर आले की मी थुंकायला वळत असे, हेही लिहा.

गेल्या श्रावणात त्याच कोपऱ्यातल्या शेवाळावरून पाय सटकला आणि मी पडले. पंचफुला ड्यूटीवर. आरडाओरडा ऐकून एकनाथरावांच्या मंडळी, पद्मावतीबाई, धावत आल्या. हात लावू का म्हणून विचारलं नाही, हात लावला. त्या साचलेल्या पाण्यात बसून माझं डोकं मांडीवर घेतलं, रिक्षा आणवली, दवाखान्यात संध्याकाळपर्यंत माझ्यापाशी थांबल्या. तिथे त्यांनी विचारलं, "सरुबाई, तुम्ही पावसाचं पाणी घरात का हो घेता?" मी म्हटलं, "तुमच्या मालकांना विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. दुसऱ्या दिवशी एकनाथराव आमच्या दारात आले, पहिल्यांदाच. उभ्यानेच म्हणाले, "बाई, मी तुम्हाला किंवा तातेरावांना कधी काही सांगितलं नव्हतं." मग म्हणाले, "पण मी न सांगताच तुम्ही तसं केलंत, तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हणून गप्प बसलो." एवढं बोलून गेले. हे दुसरं वाक्य ते गिळून टाकू शकले असते, मला कधी कळलंही नसतं. ते बोलले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

म्हणजे सांगितलं कुणीच नव्हतं. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात आमची वस्ती गावाच्या उताराला होती. गावाचं पाणी आमच्या दारात यायचं, आमचं गावाकडे जायचं नाही. तातेराव तिथेच वाढले आणि मीही. हैदराबादेत येऊन तीस वर्षं झाली, घर स्वतःचं झालं, तरी दोरी बांधताना त्यांचे हात गावच्या सवयीनेच चालले, आणि मला दिसत असून माझं तोंड दुसऱ्यांदा उघडलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दीड वर्षामागच्या आश्विनात आम्ही धर्म बदलला, पंधरा दिवसांत सरकारने राज्य बदललं, आणि अंगण होतं तसंच राहिलं. तातेरावांना मी दोष देत नाही. ते आज असते तर स्वतःच पहार घेऊन उठले असते.

कलम ४. माझी पाणसळ, थापी आणि लाकडी रंधा पंचफुलेने ठेवावा. पाणसळ यादगिरीची आहे, त्याने परत मागितली नाही. तांब्याची घागर पद्मावतीबाईंना द्यावी. त्यांनी ती पिण्याच्या पाण्याला वापरली तर मला आनंद, तुळशीपाशी ठेवली तरी राग नाही.

पुरवणी. इथवर लिहून झालं तेव्हा वैशाख होता. दिगंबररावांनी सगळं वाचून दाखवलं. पंचफुला चुलीपाशी ऐकत होती. तिसरं कलम संपलं तशी उठून म्हणाली, "आई, तू मरेपर्यंत मी पाणी उपसू?"

खरं उत्तर असं की मी भ्याले होते. आमचं पाणी एकनाथरावांच्या दारावरून जाईल तेव्हा त्यांचं तोंड कसं होईल, ते मला बघायचं नव्हतं. म्हणून सगळं मेल्यावरचं कलम करून लेकीच्या गळ्यात घालत होते. इतक्या वर्षांत मला कुणी भित्री म्हटलं नाही, लेकीने न म्हणता म्हटलं. तिचे उपकार.

दुसऱ्या दिवशी यादगिरी पहार आणि दोन माणसं घेऊन आला. तीन दिवस फोडणं, मुरूम, ठोकणं चाललं. दोरी बांधायची वेळ आली तेव्हा त्याने उताराचं विचारलं, "ढाल किधर?" खुंटी मी स्वतः ठोकली, उजव्या हाताने. पंचफुला हळूच म्हणाली, "शेजारी सांगून येऊ का?" मी म्हटलं, "काही गरज नाही. स्वतःच्या अंगणातलं पाणी सरकारी मोरीत सोडायला परवानगी लागत नाही." दहा दिवस ओली गोणपाटं घालून काँक्रीट भिजवलं. त्यानंतरच्या पावसात पाणी सरळ रस्त्याकडे गेलं आणि मोरीतून खाली गेलं. एकनाथराव ओट्यावर होते. मी दारातून बाहेर बघितलं नाही, आतच भाकरी थापत राहिले.

तरी कलम ३ मी रद्द करत नाही. ते काम झालं आहे, पण कारण कागदावर राहू द्यावं. पुढे कधी अंगण नव्याने घालावं लागलं तर उतार हाच ठेवावा. मी सुखी आहे. लेक कोरड्या अंगणात चटई टाकून केस वाळवते, ते बघत मी पडवीत बसते. याहून जास्त मी कधी मागितलं नव्हतं.

आज सह्या करायच्या आहेत आणि सकाळपासून पाऊस आहे. साक्षीला यादगिरी येऊन बसला आहे. दुसरे साक्षीदार म्हणून मी एकनाथरावांना बोलावणं पाठवलं आहे. त्यांच्याबद्दलचा मजकूर त्यांनी वाचूनच सही करावी, झाकून काही ठेवायचं नाही. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत वाहतं पाणी आहे. येतील किंवा न येतील. न आले तर दिगंबररावांनी साक्षीदार व्हावं, आणि घागर तरीही पद्मावतीबाईंनाच जावी.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, मीही अक्षर लावून वाचलं, सगळं माझंच बोलणं आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

ठिकाण: अंबरपेठ, हैदराबाद
तारीख: २० जुलै १९५८, रविवार

सही: सरुबाई तातेराव भद्रे
(अंगठा नाही, सही. रात्रीच्या वर्गात शिकले.)

लिहिणार: दिगंबर वसंतराव, अर्जनवीस

साक्षीदार पहिला: यादगिरी मेस्त्री, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार दुसरा: एकनाथराव देगलूरकर. बोलावल्यावरून आलो. पाणी वाहत होते, त्यातून आलो. संपूर्ण मजकूर वाचला. माझ्याविषयी लिहिले आहे ते खरे आहे, त्यात फेरफार करू नये.