आठवरची मान

सर, रागातच लिहितोय. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, मधे बोलून थांबवणार नाही, तेवढंच बरं.

परवा माझ्या नाचाच्या क्लासच्या पोरींना, आपल्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या, गोंदियाला स्पर्धेला नेलं. तसा मी कुठे टिकत नाही. आधी रायपूर, मग सडक अर्जुनीचा एक ढाबा, तिथला मालक ट्रकच्या हॉर्नवर नाचून दाखव म्हणायचा, पण ते जाऊ द्या. सांगायचं होतं मानेचं. सात मोजून झाले की आठवर मान झटकन डावीकडे, हनुवटी थोडी वर. फुलचूरच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये तुम्ही पुढे, आम्ही मागे, आणि आठ आला की सगळ्यांच्या माना खिडकीकडे. मी एकदा कारण विचारलं, "सर, मान काऊन?" तुम्ही तोंड मिटूनच हूं केलं, खिडकीशी गेलात, परत येऊन म्हणालात, "दिमाग नको लावू, पाय लाव."

परीक्षकांनी विचारलं, प्रत्येक आठवर हे काय? मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या सरांची स्टाईल. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. आम्ही हरलो. बाहेर काकू, तुमच्या मिसेस, भेटल्या, नातीचा नाच बघायला आलेल्या. त्यांना सांगितलं तर पोट धरून हसल्या. "अरे बाबू, स्टाईल कायची? खर्रा थुंकत होते ते! गाणं थांबवाचं नाही म्हणून आठवर खिडकीतून." मग हसता हसताच पदर डोळ्याला लावला. त्याच तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं तुमचा जबडा खाल्ला, ते आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं.

एवढं सांगता येत नव्हतं, सर? इतकी वर्षं मी तुमची पिचकारी शिकवून राहिलो. परतीच्या एसटीत सगळ्या पोरी माझ्यापासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

काल क्लासला ठरवून गेलो की मान काढून टाकायची. पाच, सहा, सात, आठ, आणि आधी माझीच गेली. सगळ्यात लहान पोरगी विचारते, "सर, मान काऊन?"

हे पत्र काकूंकडे देणार होतो, तुमच्या फोटोपुढे ठेवायला. नाही देत. त्या वाचतील. पोरीला मी तोंड मिटूनच हूं केलं, सर, आणि खिडकीशी गेलो. तोंड खर्र्यानं भरलेलं होतं.