आईचं माहेरचं आडनाव

ता. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, तुझे भावोजी त्याहून जास्त कुरकुरतात, आणि मी अजून त्याच लॅबमध्ये खिडकीशी बसून लोकांच्या कवळ्या घडवते.

पत्राचं कारण असं, की परवा दुपारी तुझ्या नावानं मेल आला. एका आजोबांची खालची कवळी घासत होते. हात पुसून फोन पाहिला आणि तशीच उभी राहिले. पहिलीच ओळ अशी होती, की ताई, त्या दिवशी मी बोललो ते बोलायला नको होतं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी होऊ दिलं नाही म्हणून, ती गेली त्या आठवड्यात तू म्हणाला होतास, की शेवटी तिला माझं तोंडसुद्धा तू दिसू दिलं नाहीस. त्यानंतर ना तू फोन केलास, ना मी.

पण त्या ओळीखाली सूरच बदललेला. आपण आपली माहिती त्वरित भरावी, आज सायंकाळपर्यंत न भरल्यास कौटुंबिक विमा रद्द होईल, वगैरे. अरे, तू मला आपण कधीपासून म्हणायला लागलास? जन्मात कधी मला अहो-जाहो केलं नाहीस. तरीही मी खालची निळी लिंक दाबली. पहिल्या ओळीनं डोकं फिरलं होतं, दुसरं काय. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, कार्डाचा नंबर बघायला पर्ससुद्धा उघडली. मग पुढचा रकाना आला, आईचं माहेरचं आडनाव. तिथं हात थांबला. मामाच्या दुकानाच्या पाटीवर ते आडनाव हातभर मोठं रंगवलेलं होतं. त्या पाटीखाली बसून तू शाळा संपेपर्यंत फुकटच्या गोळ्या खाल्ल्यास, आणि आता तू ते मला विचारणार होय?

फॉर्म तसाच बंद केला, पाठवला नाही. मेलचा पत्ता तुझाच होता, पण लिंक कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी नेत होती. लॅबमधली माझी मैत्रीण म्हणाली, अशा मेलला उत्तर द्यायचं नाही, त्यातल्या नंबरावर फोनही करायचा नाही. आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या वाटेनं त्या माणसालाच विचारायचं. मला तुझ्या घराचा पत्ता ठाऊक आहे. फोनही ठाऊक आहे, पण धीर झाला नाही.

कवळीत कधी कधी एखादा खरा दात राखून बाकीचे खोटे बसवतात. त्या मेलचं मला तसंच वाटतंय. पण मी आशेनं वाचतेय, त्यामुळे माझा माझ्यावरच भरवसा नाही. तेव्हा एवढंच सांग, ती पहिली ओळ तुझी होती का? नसली तर तसं स्पष्ट लिही. वाईट वाटेल, पण परक्याच्या ओळीला जीव लावून बसण्यापेक्षा ते बरं.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ उरला असेल तर कळव, नसेल तर तेही कळव.

तुझी,
ताई


ता. १७ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बायकोनं ते न उघडता माझ्या हातात ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कान देऊन बसली.

तो मेल मी पाठवला नाही. आधी माझी फजिती ऐक. दुकानात गर्दी होती. एक बाई नव्या चष्म्यातून जमीन तिरकी दिसते म्हणून माझ्याशी भांडत होत्या. तेवढ्यात मेल आला, की तुमची मेलपेटी तासाभरात बंद होईल, चालू ठेवायची तर पासवर्ड भरा. दिला ठोकून. दिवसभर मी लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावतो, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता वाचायच्या वेळी माझा चष्मा कपाळावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी काचा पुरवणारा, घरमालक, लेकीच्या शाळेतल्या बाई, सगळ्यांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाला माझ्या नावानं विम्याचा मेल गेलेला. पासवर्ड बदलला, बँकेत कळवलं, तक्रार नोंदवली. मग एकेकाला फोन करून सांगितलं, की तो मेल माझा नव्हे, काही भरू नका, भरलं असेल तर आधी बँकेला कळवा.

तुला तेवढा फोन केला नाही. पाठवलेले मेल उघडून पाहिले, तर बाकीच्यांच्या मेलमध्ये नुसता विमा होता, तुझ्या मेलमध्ये वर ती ओळ होती. ताई, ती ओळ माझी आहे. आई गेल्यावर काही महिन्यांनी तुला मेल लिहायला बसलो होतो. तेवढं एक वाक्य झालं आणि पुढे हात चालेना. ते तसंच ड्राफ्टमध्ये पडून राहिलं. अधूनमधून उघडायचो आणि मिटायचो. त्या भामट्याला ते सापडलं, त्यानं खाली आपला मजकूर चिकटवला आणि दिलं धाडून. मला इतके दिवस जमलं नाही ते त्यानं करून टाकलं. आता तुला फोन करून मेल माझा नव्हता म्हणालो असतो, तर ते खोटं झालं असतं.

ऑपरेशनचं तुझं बरोबर होतं की माझं, मला अजून कळलेलं नाही. पण तसं बोलायला नको होतं, एवढं नक्की.

तू फॉर्म पाठवला नसलास तरी लिंक उघडली होतीस, तेव्हा तुझाही पासवर्ड बदल आणि बँकेच्या कानावर घाल. शहाणपण शिकवतोय म्हणून चिडू नकोस, ठेच लागलेला माणूस बोलतोय.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
धाकटा


ता. २४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पासवर्ड बदलला. बँकेतही जाऊन आले. तिथल्या माणसानं मला लहान मुलाला सांगावं तसं सगळं समजावलं, मी निमूट ऐकून घेतलं. भावोजींना मात्र यातलं काही सांगितलेलं नाही, नाहीतर जन्मभर ऐकवतील.

एक गोष्ट तुला तेव्हाच सांगायची होती, रागात राहून गेली. आईचं हृदय ऑपरेशनला टिकणार नाही, अशी मला भीती होती. शेवटी तिला तुझं तोंड दिसत नव्हतं, हे खरंच आहे. पण तू यायचास तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या गाळून उडी मारायचास, या वयातही. तो आवाज झाला की ती आपले केस सारखे करायची आणि मला सांगायची, की धाकटा आला. एकदा मी म्हटलं, तुला कुठं दिसतोय तो? तर म्हणाली, दिसायला कशाला हवा, माझाच आहे तो.

आता फोन कर. नंबर कुठल्या मेलमधून घेऊ नकोस, घरचा तोच जुना आहे आणि तुला पाठ आहे. मी उचलीन आणि आधी आईचं माहेरचं आडनाव विचारीन. ते नीट सांग. त्यानंतर फोन ठेवायची घाई करू नकोस, दोन वर्षांचं बोलायचं राहिलंय.

लोभ कधी गेलाच नव्हता.

तुझी,
ताई