तेल्हाऱ्याचा समुद्र

अकोला, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून गरगरतंय. फुंकून फुंकून!

अकरावीला शिकवायचं होतं, की हवेत कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढला की समुद्राचं पाणी तो जास्त पितं आणि हळूहळू आम्लाकडे झुकतं. अकोल्यात समुद्र आणायचा कुठून? म्हणून माहेरच्या, तेल्हाऱ्याच्या विहिरीचं खारं पाणी कॅनमधून आणलं. आम्ल आलं की पिवळा पडणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकताच ते छान निळं झालं. आपल्या श्वासात तो वायू भरपूर, नळीने फुंकला की पाणी पिवळं होणार, असं मी छातीठोकपणे सांगून बसले.

फुंकलं. निळंच! पोरांनी आळीपाळीने फुंकलं. तरी निळंच!

"मॅडम, समुद्राले काहीच होत नाही वाटते," मागून एकजण म्हणाला. प्राचार्य दारात उभे राहून हसून राहिले होते.

काहून विसरले मी? त्या पाण्यात आईची तूरडाळ कधी धड शिजली नाही. एवढे क्षार त्यात, आम्ल आलं की तेच गिळून टाकतात. खरा समुद्रही असाच गिळत राहतो, म्हणून तर कोणाच्या लक्षात येत नाही. हे सांगितलं, पण ऐकतं कोण! मग मी इरेलाच पेटले. ओढणी खोचली आणि अख्ख्या वर्गाला पुन्हा फुंकायला लावलं.

शेवटी त्या निळ्यात जराशी हिरवी झाक आली. पोरांनी बाकं बडवली, प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी आनंदाने रडायच्या बेतात. कशासाठी? तर समुद्र नासला म्हणून!