जोड-अलिफ

गाबेस,
रविवार, ११ नोव्हेंबर २०१८

प्रिय धाकट्या बहिणी दलंदा,

तुला, तुझ्या यजमानांना आणि दोन्ही मुलांना सलाम. इकडे सर्व ठीक आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. डाळिंबे यंदा बरी आली. वसीलाने मिरच्या वाळवल्या, गच्चीच्या कठड्यावर लाल माळा लोंबताहेत. ओवायला मीही बसलो होतो, पण सुई काही चिमटीत राहीना. तुझी वहिनी म्हणाली, "तुम्ही आपल्या कविता म्हणा. मिरच्यांना तेवढंच तिखट चढेल."

एकवीस वर्षांनी पत्र लिहितो आहे. अक्षर बघून दचकू नकोस. फळ्यावर ज्याचा अलिफ खजुराच्या खोडासारखा सरळ यायचा, तोच हा हात. चौथी ओळ झाली की त्याला मांडीवर ठेवून विसावा द्यावा लागतो.

आपल्या मळ्यातला उंच खजूर गेल्या वर्षी पडला. तोच, ज्याचा ताजा रस, लागमी, ख्मैसदादा पहाटे प्यायचा. अंधारातच मडके उतरवायचे, दोन घोट घ्यायचे, घसा ओला करून अजान द्यायला मशिदीच्या पायऱ्या चढायच्या. पाचवीच्या पुस्तकात एक कविता होती, आठवते? 'पहाटे, तुझ्या ओंजळीत काय? कालचेच पाणी, नव्याने गोड.' मला ती नेहमी लागमीचीच वाटे. तीच लागमी दुपार टळली की आंबते आणि माणसाला चढते. आपल्या गावात दोन तऱ्हेची माणसे आहेत, पहाटेची पिणारी आणि संध्याकाळची पिणारी, असे आई म्हणायची.

मी आता संध्याकाळचा ठरलो आहे.

झाले असे. उन्हाळ्यात चहाच्या दुकानात मी बुरावीला म्हटले, "साखर कमी." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी पुन्हा सांगितले. शब्द तोंडात ओल्या पावासारखे फुगत होते. तो हसून म्हणाला, "मास्तर, सकाळची आहे की कालची?" सगळे दुकान हसले. माझा जुना विद्यार्थी आहे तो. 'क़ाफ' घशातून काढ म्हणून मी त्याला छड्या मारल्या होत्या. सगळे गाव 'गाबेस' म्हणते, मी एकटा 'क़ाबिस' म्हणायचो, पुस्तकात आहे तसे. आता मलाही ते म्हणता येत नाही. गावाने शेवटी मला आपल्यात ओढलेच.

मग तपासण्या सुरू झाल्या. त्या स्फाक्सला, तुझ्याच गावात. दोनदा येऊन गेलो. दुसऱ्या खेपेला तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तुझ्या खिडकीत तुळशीची कुंडी दिसली. बसची वेळ झाली असे स्वतःला सांगून परतलो. बसला अजून दोन तास होते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, नुसैबा नाव. वागणे मात्र आपल्या जुन्या व्याकरणाच्या मास्तरांसारखे. म्हणाल्या, "काका, स्नायूंच्या तारा झिजवणाऱ्या या आजाराला एकच एक तपासणी नाही. साक्षी गोळा कराव्या लागतात. शरीराचे चार प्रांत धरा. तोंड-घसा, हात, धड, पाय. मेंदूकडून खाली येणारी वरची तार आणि ती संपते तिथून स्नायूत जाणारी खालची तार. प्रत्येक प्रांतात दोन्ही बिघडल्यात का, ते मी बघणार."

मी म्हटले, "आणि एकच बिघडली असेल तर?"

"तर अर्धी साक्ष."

जीभ बाहेर काढायला लावली. तिच्यावर काही तरी सारखे फुरफुरत होते, उथळ पाण्यात मासोळ्या हलाव्यात तसे. ती खालची तार. हनुवटीवर हातोडी मारली तर जबडा टाळी दिल्यासारखा मिटला. ती वरची. हातातही दोन्ही सापडल्या. पायात मात्र गुडघा नको इतका उडाला, तळव्यावरून काडी ओढली तर अंगठा वर गेला, पण मांस झडलेले नव्हते. बाई म्हणाल्या, "इथे अर्धीच." पाठीत, पायात सुया टोचून बघितले. मानेचे चित्र काढले, रक्त घेतले, कारण दुसरे काही बरे होण्याजोगे निघाले तर बरेच. तसे निघाले नाही. निकालाच्याही पायऱ्या आहेत म्हणे. संशयित, संभाव्य, निश्चित. मी संभाव्यवर थांबलो आहे. आयुष्यभर पोरांना श्रेणी दिल्या, ही माझी.

एक चूक एका जागी दिसली तर ती चूक, तीच तीन जागी दिसली तर तो नियम. हे मी वर्गात शिकवत असे.

दलंदा, इथवर मी वाटेवरचे सगळे दगड मोजत आलो, कारण पुढे विहीर आहे.

बाईंनी विचारले, "घरात कुणाला असे होते का? जीभ जड होणे, हात बारीक होणे?"

मी म्हणालो, "नाही."

वसीलाने माझ्याकडे बघितले आणि पदराचा काठ चाचपत बसली. घरी परतल्यावर दारात चप्पल काढताना म्हणाली, "गेलेल्याला एकदा खोटं पाडलंत. आता दुसऱ्यांदा."

तुला सांगायची गरज नाही. पण मला लिहायची आहे. सत्त्याण्णव सालच्या रमजानआधी दादाची अजान घसरू लागली. अक्षरे एकमेकांवर रेलायची. मशिदीच्या पंचांनी मला बोलावले, कारण गावात उच्चाराचा जाणकार मी. त्यांनी विचारले, हे काय आहे? मी म्हणालो, ही संध्याकाळची लागमी आहे. त्याच्या तोंडाला वास नव्हता. मी कानाने वास घेतला. हेवा होता का? होता. माझ्या कविता ऐकताना पोरे जांभया देत आणि त्याची अजान ऐकून लोहारसुद्धा हातोडा थांबवी.

पंचांनी त्याची अजान बंद केली. दादा भांडला नाही. "तिजानी म्हणतो तर असेल," एवढेच त्या जड जिभेने म्हणाला. तू त्याला आपल्याकडे घेऊन गेलीस. जाताना मला म्हणालीस, "तू माणसं तपासत नाहीस, मास्तर. उच्चार तपासतोस." अडीच वर्षे तू त्याला भरवलेस. मी एकदाही आलो नाही.

अंत्यविधीला आलो. त्याला आंघोळ घालणाऱ्यांत मी होतो. त्याचा उजवा हात मी धुतला. अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये खळगा पडला होता, त्यात पाणी साचून राहिले. मी ते बोटाने निपटले. दारूने माणसाचे पोट जाते, डोळे जातात, त्या जागचे मांस जात नाही. एवढे मलाही कळत होते. तरी मी गप्प राहिलो आणि ते गप्प राहणे अठरा वर्षे सांभाळले.

परवा नुसैबाबाईंनी माझा हात दिव्याखाली धरला. म्हणाल्या, "हा खळगा बघा." मी तो आधी बघितला होता.

आता कामाचे. घरात हा आजार होता असे कळले तर त्या रक्ताची निराळी तपासणी करतील. माझे पान तर उलटत आलेच आहे, आणि मला मूलबाळ नाही. पण तुला दोन मुलगे आहेत, आणि तू स्वतः आहेस. काहीच नसेल, बाईंनीही घाबरवले नाही. पण जे आहे ते तुम्हाला माहीत असायला हवे, आणि माझ्या एका 'नाही'मुळे ते अडून आहे. दादाचे शेवटचे दिवस फक्त तुला ठाऊक आहेत. आधी बोलणे गेले की हात? घास कधीपासून अडकू लागला? अंग असे फुरफुरायचे का? येत्या गुरुवारी सकाळी दहाला मी इस्पितळाच्या दारात असेन. गुरुवारी जन्मला म्हणून दादाचे नाव ख्मैस, ते बाईंसमोर मी आधी घेईन. पुढचे तू सांग. माझ्याशी बोलू नकोस हवे तर, त्यांच्याशी बोल. मशिदीच्या पंचांपैकी एकजण हयात आहेत. त्यांना काल जाऊन सांगितले. ऐकू कमी येते त्यांना, म्हणून अडखळत तीनदा सांगावे लागले. तेही बरेच झाले.

एक शेवटचा धडा, मास्तराची खोड. आपल्या भाषेत कुठलाही शब्द मुक्या, म्हणजे स्वर नसलेल्या अक्षराने सुरू होत नाही. सुरुवातीलाच मुके अक्षर आले तर त्याच्या आधी एक अलिफ टेकवतात, नुसता सांधायला. त्याच्या आधी कुणी बोललेले नसेल तरच तो ऐकू येतो. आधीचा शब्द मिळाला की तो कागदावर राहतो, उच्चारात राहत नाही.

थोड्या महिन्यांत मीही असा कागदावरच उरेन. आज अजून थोडा ऐकू येतो आहे, म्हणून सुरुवात मी केली.

तुझ्या शब्दाची वाट बघत,
ख्मैसचा भाऊ,
तिजानी