थिएटरमधला आवाज

पेण, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय शैलाताई,

आईला जाऊन वर्ष होत आलं, तरी तुला एक ओळ लिहिली नाही. माफ कर.

ऑपरेशनआधी पेशंटला भूल देताना मी ज्या आवाजात त्याच्याशी बोलते, त्या आवाजाचं आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे कौतुक करतात. डॉक्टर कितीही चिडले तरी तो चढत नाही. आई गेली त्या दिवशी रोह्याला तिच्या उशाशी मी त्याच आवाजात तुला म्हणाले होते, "शांत हो, लांब श्वास घे." तू माझा हात झटकलास. "मी तुझी पेशंट नाय गो. तुझीपण आईच गेली ना? मग रड की."

मला रडू आलं नाही. हे काम मला आवडतं, नाही असं खोटं कसं लिहू? पण तो आवाज आता घरी आल्यावरही उतरत नाही. काल अनय तापाने फणफणला होता. त्याला धीर द्यायला गेले, तर पोरगं घाबरलं. "आई, मला खूप झालंय का? तू अशी का बोलतेस?"

माझा आधीचा आवाज कसा होता, हे आता फक्त तुलाच आठवत असेल.

तुझी,
वृंदा

उद्या: रजा टाकून रोह्याला ताईकडे जायचं, हे पत्र हातानेच द्यायचं.